डोईवरून नेलेली माती

माझं अक्षर चांगलं आहे, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि मला जरा जास्तच ठाऊक आहे. हायस्कुलात मराठी शिकवण्यात जन्म गेला. निवृत्त झाले आणि पोरांच्या वह्या तपासायच्या थांबल्या, तर गावाचे अर्ज सुरू झाले. विजेचा खांब वाकला, अर्ज बाईंकडे. एस.टी.ची दुपारची फेरी बंद झाली, अर्ज बाईंकडे. रत्नागिरीच्या एका कचेरीतल्या कारकुनाने म्हणे एकदा विचारलं होतं, की तुमच्या गावात कुणी छापखाना काढलाय का. ही गोष्ट मी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलेली आहे. आता हौसेने सांगत नाही. पुढे जे झालं ते या अक्षरामुळे झालं, आणि ज्या बाईचं त्यात वाटोळं झालं तिला अक्षर ओळखता येत नाही.

आमचं गाव रत्नागिरीपासून एस.टी.ने पाऊण तासावर. खाली खाडी, मधे घरं, आणि घाटी चढून वर गेलं की सडा. मी मूळची गुहागरची, नारळी-पोफळीच्या सावलीत वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी 'आपली जमीन बघ' म्हणून मला वर नेलं होतं. जांभ्या दगडाचं काळंकुट्ट उघडं पठार, नजर पोचेल तिथपर्यंत कातळ. वैशाखाचं ऊन. मी मनात म्हटलं, ही कसली जमीन, इथे तर कुत्रंसुद्धा बसणार नाही. तोंडाने काही बोलले नाही, नवी सून होते. पुढे श्रावणात गेले तर त्याच कातळावर पाय ठेवायला जागा नव्हती, इतकी इवली इवली निळी-जांभळी फुलं. सीतेची आसवं म्हणतात त्यांना. टिटवी उघड्या दगडावर अंडी घालून बसलेली आणि आम्हाला बघून गाव गोळा करणारी. सड्याला नावं ठेवायची नाहीत, एवढं त्या दिवशी कळलं.

त्या सड्यावर आमच्या घराण्याचा एक मोठा तुकडा आहे. सातबाऱ्यावर आज सात नावं आहेत: थोरले दीर, धाकटे दीर, तिघे पुतणे, नणंद, आणि हे गेल्यानंतर वारस म्हणून लागलेली मी. बाकीचे सहा मुंबईत. जमिनीकडे कुणी वळून बघत नव्हतं, कारण कागदावर ती पोटखराब, आणि खराब म्हटलेल्या गोष्टीकडे मुंबईहून कोण बघायला येतो!

बघत होती ती काकी. काकीचं घर घाटीच्या पायथ्याशी. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, पण मी तिला 'अगं काकी' म्हणते आणि ती मला 'अहो बाई'. हे असंच चालत आलेलं आहे आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही, हेही या निमित्ताने लिहून ठेवते.

आमच्या तुकड्यात एका ठिकाणी कातळ खोलगट आहे, ताटासारखा. काकीच्या सासूने तिथे माती नेऊन टाकायला सुरुवात केली. खाली ओढ्याकाठची माती टोपलीत भरायची, डोक्यावर घ्यायची, घाटी चढायची, ओतायची, परत उतरायची. सासू गेली तेव्हा वीतभर थर झाला होता. मग काकीने एकटीने नेली. शेणखत, पालापाचोळा, पुन्हा माती. दर पावसाळ्यात थोडी वाहून जायची, दर उन्हाळ्यात ती पुन्हा भरायची. पार कोपरापर्यंत हात जाईल एवढी माती झाली होती. पावसाळ्यात तिथे काकीची नाचणी, भेंडी, पडवळ, आणि कडेच्या दगडांवर सोडलेले तवशाच्या काकडीचे वेल. तिचं पावसाळ्यातलं घर त्यावर चालायचं. नवरा समुद्राने नेला होता, मुलगा मुंबईत आपल्या संसारात.

याला कागद कुठलाच नव्हता. होता तो एक रिवाज. हरतालिकेच्या दिवशी सकाळी काकी पहिलं मोठं तवसं आणून आमच्या पडवीत ठेवायची. सासूबाई ते उचलून घ्यायच्या आणि तिच्या रिकाम्या टोपलीत नारळ आणि ओंजळभर तांदूळ घालायच्या. कुणी काही बोलायचं नाही. तवसं घेतलं, म्हणजे पुढच्या वर्षीही कर. न घेतलं असतं, तर काय झालं असतं हे कुणाला माहीत नाही, कारण तसं कधी झालंच नव्हतं. ते तवसं गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायच्या चौकटीत मधोमध बांधलं जायचं. सासूबाई गेल्यावर ते घेण्याचा मान माझ्याकडे आला.

मग प्रकल्पाची बातमी आली. कशाचा प्रकल्प हे नीट कुणालाच माहीत नव्हतं. गावात त्याला नुसतं 'प्रकल्प' म्हणत. सगळा सडा जाणार, खाडीत नळ सोडणार, एवढं कळलं. देवळात गाव जमलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, सरपंचांनी भाषण केलं, तरुण मुलांनी घोषणा दिल्या आणि शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. हरकत लिहायची होती.

मी लिहिली. झकास लिहिली. सड्यावर जिरणारं पाणी खालच्या विहिरींना कसं येतं, फुलं कोणती, पक्षी कोणते, सगळं. महिन्याभराने प्रकल्पवाल्यांचा अहवाल आला. त्यात एक वाक्य होतं: सदर पठार पडीक असून कोणाच्याही वापरात नाही. ते वाचून माझं डोकं सणकलं. कोणाच्याही वापरात नाही? गुरं काय हवेत चरतात? घरं शाकारायला गवत काय आभाळातून पडतं? मी त्याच दिवशी जाहीर केलं, की सडा वापरणाऱ्या एकूण एक माणसाची यादी करायची. नाव, काय वापर, कुठे, किती वर्षं, आणि पुढे सही किंवा अंगठा. जनसुनावणीत ती यादीच त्यांच्या पुढ्यात टाकायची.

आठवडाभर मी वाडीवाडीतून हिंडले. काखेत वही, पिशवीत शाईचं पॅड. लोकांनी कौतुकाने नावं दिली. गवत कापणाऱ्या बायका, गुराखी, करवंदं नि आळूची रानफळं गोळा करून रत्नागिरीच्या बाजारात नेणाऱ्या दोघी बहिणी, सगळ्यांचे अंगठे माझ्या वहीत. इतकं महत्त्व मला शाळेतही कुणी दिलं नव्हतं.

काकीकडे मी मुद्दाम शेवटी गेले, कारण तिची नोंद सगळ्यात भारी होणार होती. ती मागल्या दारी शेण थापत होती.

"माजं नाव नुको, बाई," ती म्हणाली.

"का गं? तूच तर सगळ्यांत जास्त वर जातेस."

"जातंय म्हनूनच सांगतंय. तुमच्या सासूबायनी कदी इचारलंन नाय, मी कदी सांगितलं नाय. त्ये तसंच ऱ्हावंदे."

"अगं, प्रकल्प आला तर तुझी माती पण जाईल. मग काय करशील?"

"त्ये खरं," ती म्हणाली. हात धुतले, पदराला पुसले. "पर लिवल्यावर सगळ्यांना कळंल."

"कळायलाच पाहिजे! त्यासाठीच तर लिहितोय."

मला राग आला. मला राग लवकर येतो, आणि आला की मी वर्गात असल्यासारखी बोलते. मी म्हटलं, तुझ्यासारख्या घाबरट बायकांमुळेच सडा जाणार आहे. गाव लढतंय आणि तू लपून बसणार. शोभतं का हे?

हे मी म्हटलं. शब्दन् शब्द आठवतो आहे. तिने खाली बघितलं आणि अंगठा पुढे केला.

"लिवा. तुमी काय वायट करनार नाय."

तिचा अंगठा मी माझ्या हाताने शाईवर दाबला आणि वहीवर उठवला. नोंद घरी येऊन लिहिली, निवांत, चांगल्या पेनाने. 'सदर महिला व तिची सासू यांनी स्वतः डोक्यावरून माती वाहून नेऊन सदर जागा लागवडीखाली आणली असून, सदर महिला गेली चाळीस वर्षे तेथे पावसाळी शेती करीत आहे.' पुढे गट नंबर. तो मला शोधावा लागला नाही, आमचाच होता. ते लिहिताना मनात आलंसुद्धा, की जागा आपलीच आहे, मग हरकत घेणार कोण? या वाक्यावर मी इतकी खूश होते, की ते दोनदा मोठ्याने वाचून बघितलं.

जनसुनावणी तालुक्याच्या ठिकाणी नव्हती, गावातच मांडव घालून होती. साहेब लोक खुर्च्यांवर, आम्ही सतरंज्यांवर. माझी पाळी आली तेव्हा मी यादी वाचायला घेतली. मधेच साहेब मोबाइल बघत होते. काकीच्या नोंदीवर आले आणि त्यांनी मान वर केली.

"माती डोक्यावरून नेली? दगडावर?"

"हो," मी म्हटलं.

"त्या बाई इथे आहेत?"

मी मागे वळून हाक मारली. काकी शेवटच्या ओळीत होती. ती उठली, पदर सारखा केला आणि हात जोडून उभी राहिली. साऱ्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. एका मुलाने मोबाइलवर व्हिडिओ काढला. काकीला काय करावं कळेना, ती टाळ्या थांबेपर्यंत तशीच हात जोडून उभी होती. मी त्या वेळी तिच्याकडे बघतच नव्हते. साहेब वहीत काही टिपून घेत होते, मी त्यांच्याकडे बघत होते.

व्हिडिओ दोन दिवसांत मुंबईला पोचला. तिसऱ्या दिवशी धाकट्या भावोजींचा फोन आला.

"वहिनी, हे तुम्ही काय करून बसलात?"

मला आधी वाटलं, प्रकल्पाला विरोध केला म्हणून चिडलेत. तसं नव्हतं. प्रकल्प त्यांनाही नकोच होता, किंवा हवा असला तरी बोलले नाहीत. त्यांची धास्ती वेगळीच होती. चाळीस वर्षं कसते असं सरकारदरबारी लिहून गेलं, तेही जमीनमालकाच्या घरातल्या बाईच्या सहीने. उद्या कूळ म्हणून तिचं नाव लागलं आणि जमीनच तिची झाली तर? भावोजी म्हणाले, वकील तर डोक्याला हात लावून बसला.

त्याच रविवारी ते गाडी घेऊन आले. सोबत थोरले दीर, पुतण्याची बायको, आणि स्टॅम्प पेपर. सात जणांचं प्रतिज्ञापत्र होतं, सहा सह्या झालेल्या. मजकूर असा: सदर जमीन पडीक असून तीत कोणाचीही वहिवाट नाही व कोणीही शेती करीत नाही.

"काकीला कोण हाकलतंय?" भावोजी म्हणाले. "करू दे की तिला. आपल्याकडे फक्त कागद असावा. फार तर एक कुंपण घालू, म्हणजे प्रकल्पवाल्यांनाही कळेल की मालक जागे आहेत. सडा वाचवायला बरंच आहे की ते."

मी न वाचता सही केली असं मला म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी वाचलं. दोनदा वाचलं. एका ठिकाणी वेलांटी चुकली होती, तीसुद्धा मी भावोजींना दाखवली. जो अहवाल वाचून माझं डोकं सणकलं होतं त्यातलंच वाक्य हे, थोडं इकडचं तिकडे केलेलं. आणि मी सही केली.

का केली, ते सांगते. घरात मी एकटी असते. वर्षातून एकदा, गणपतीला, हे सगळे येतात. पाच दिवस घर भरतं, पुतण्यांची पोरं पडवीभर धावतात, रात्री आरतीला आवाज चढतो. सहीला नाही म्हटलं असतं तर भावोजी भांडले नसते. ते फक्त आले नसते. या एवढ्यासाठी मी काकीची चाळीस वर्षं एका ओळीत पुसली. त्या वेळी मनाला समजावलं, की कागदाला काय, कपाटात पडून राहील.

ज्येष्ठ उजाडायच्या आत बातमी आली, की प्रकल्प दुसरीकडे गेला. आमच्या यादीने गेला की आणखी कशाने, देव जाणे, पण गावाने श्रेय यादीला दिलं. देवळात सत्कार ठेवला. मला शाल, नारळ, आणि सरपंचांचं भाषण. ते म्हणाले, बाईंनी सडा वाचवला. मी टाळ्या थांबेपर्यंत हात जोडून उभी राहिले. मग गर्दीत काकीला शोधलं. ती दिसेना. तिच्या शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, "काकी सकाळधरनं वर हाय. जेसीबी इलाय न्हवं तुमचा."

'तुमचा' म्हणाली ती. मी शाल घरी टाकली आणि घाटी चढले.

वर पोचले तोवर जेसीबी काम उरकून गेला होता. सिमेंटचे खांब रोवलेले, तारा ताणलेल्या. आत तो खोलगट भाग होता आणि त्यात काहीच नव्हतं. खरवडून काढलेला कातळ, त्यावर जेसीबीच्या दातांचे पांढरे ओरखडे. माती कडेच्या घळीत लोटून दिली होती. पहिल्या सरींना ती खाली ओढ्यात जाणार हे दिसतच होतं. जिथून टोपलीने वर आणली होती, तिथेच.

काकी तारेच्या आत होती. कशी गेली कोण जाणे, तारेखालून सरपटत गेली असावी. वाकून, दगडाच्या फटींतून उरलेली माती बोटांनी काढत होती आणि टोपलीत टाकत होती. मला बघून तिने मान वर केली.

"बाई, तुमाला शाल मिळाली म्हनं. बरं झालं."

ती हे टोमणा म्हणून म्हणाली नव्हती. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं. मी तारेच्या बाहेर उभी राहिले आणि म्हटलं, मला ठाऊक नव्हतं गं. ते अर्धं खरं होतं. कुंपणाचं ठाऊक होतं, जेसीबीचं नव्हतं. काकी म्हणाली, "तुमाला कसं म्हाईत असंल," आणि पुन्हा वाकली.

घरी येऊन भावोजींना फोन लावला. मी ओरडले. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, तुम्हीच लिहिलं होतंत ना, माती वाहून नेऊन जागा लागवडीखाली आणली म्हणून? वकील म्हणाला, नुसता कागद पुरणार नाही, जागेवर खूण राहता कामा नये. खूण कुठे आहे हे तुमच्या यादीतच होतं, गट नंबरासकट." मी फोन ठेवला.

सडा वाचला, हे खरं आहे. ते मी खोटं म्हणणार नाही. त्या श्रावणात निळी फुलं आली तशीच आली, टिटव्याही ओरडल्या. रत्नागिरीहून गाड्या घेऊन लोक बघायला आले. कुणाकुणाला मी हौसेने नेऊनही दाखवलं असतं, पण ते कुंपण बरोबर मधे येतं. एकाने खाली येऊन मला विचारलं, ते तारेच्या आतलं का नाही फुललं हो? मी म्हटलं, तिथे खणलंय जरा.

हरतालिका आली. सकाळपासून मी पडवीत बसून होते. नारळ काढून ठेवला होता, तांदूळ निवडून ठेवले होते. दहा वाजले, बारा वाजले. तवसं कुठून येणार होतं? तरी मी बसले. मुंबईची माणसं दुपारी आली, घर भरलं, पोरं धावली. चौकट सजवायला घेतली तेव्हा भावोजी गाडीतून एक तवसं घेऊन आले, बाजारात उतरून आणलेलं, चांगलं लांबरुंद. मधोमध बांधलं. आरतीच्या वेळी गणपतीकडे बघायचं तर ते तवसं आधी दिसायचं. पाच दिवस मी खाली बघून आरती म्हटली, आणि जी माणसं यावीत म्हणून सही केली होती ती कधी एकदा जातात असं मला झालं.

विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी मी काकीकडे गेले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. ती ओट्यावर बसली होती. भिंतीला लागून तीच टोपली होती, अर्धी भरलेली, आणि मातीत तवशाचा एकच वेल उगवून आला होता.

"बरं झालं इलाव," ती म्हणाली. "मीच येनार व्हतं. एक अर्ज लिवायचा हाय."

पिशवीत माझ्याकडे कागद कायम असतात. मी काढले.

"काय लिहू?"

"माजी माती मागायची हाय."

"म्हणजे जमीन?"

"जमीन नाय, बाई. जमीन तुमची हाय, ती मी कदी माजी म्हनलेली नाय. माती माजी हाय. सासूनं नि मी डोईवरनं नेलेली. ती लोटून दिलीनी. ती भरून द्या म्हनावं."

"काकी, मातीचा असा अर्ज नसतो गं. त्यांच्याकडे जमिनीचाच असतो."

"तुमी लिवा," ती म्हणाली. "तुमी लिवलं की व्हतं."

मी लिहिलं. आयुष्यात एवढा अवघड अर्ज लिहिला नाही. विषयाच्या ओळीत मी शेवटी तिचेच शब्द घातले. पुरावा म्हणून सोबत काय जोडायचं, तर जगात एकच कागद होता: सुनावणीच्या यादीची झेरॉक्स, माझ्या अक्षरातली. ती जोडली की समोरून प्रतिज्ञापत्र येणार, माझ्याच सहीचं, हे मला दिसत होतं. दोन्ही कागद एका टेबलावर ठेवून कुणीतरी विचारणार, बाई, यातलं खरं कोणतं? विचारू दे, असं म्हणून मी पुढे लिहीत गेले.

मग 'विरुद्ध' असं लिहून एकाखाली एक नावं लिहिली. थोरल्या दिरांपासून नणंदेपर्यंत. सर्वांत शेवटी माझं. पेन तिथे थांबलं नाही, एवढं मात्र खरं.

"वाचून दाखवा," काकी म्हणाली.

मी सगळा अर्ज वाचला. ती डोळे मिटून ऐकत होती. माती, सासू, घाटी आली तिथे मान हलवत होती. मग मी नावं वाचली. सहा वाचली आणि कागद खाली ठेवला. मुद्दाम केलं असंही नाही. तोंडच मिटलं.

काकीने डोळे उघडले आणि वाकून कागदाकडे बघितलं. बोट ठेवून वरून खाली नेलं, गुरं मोजतात तसं.

"ओळी सात हायत, बाई. नावं सा झाली."

मी सातवं नाव वाचलं.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "सातबाऱ्यावर तुमचं नाव हाय त्ये साऱ्या वाडीला म्हाईत हाय. तुमी वाचताव काय, त्ये बघत व्हतं."

तेव्हा मी तिला प्रतिज्ञापत्राचंही सांगितलं. स्टॅम्प पेपर, सात सह्या, त्यातली एक माझी, आणि ती जेसीबीच्या आधी केलेली. तिने टोपलीतला वेल सारखा केला.

"त्येच्यात काय लिवलाव?"

"की तिथे कोणीही शेती करत नाही."

"मंग आता खरं झालं त्ये," काकी म्हणाली, आणि अंगठा पुढे केला.